दोन चष्म्यांचा तास

"सरांचा चष्मा काळा होता. जाड फ्रेमचा," बाई म्हणाल्या.

"बारीक तारेचा होता," मुख्याध्यापक म्हणाले. "सोनेरी. नाकाच्या शेंड्यावर बसलेला. त्याच्यावरून बघायचे ते आपल्याकडे."

"काहीतरीच काय! मला तर डोळे मिटले की समोर दिसतो."

"मला उघड्या डोळ्यांनी दिसतो."

खरं तर बोलणं चष्म्यावर जायचं काही कारण नव्हतं. शाळा सुटली होती, शिपाई एकेका वर्गाच्या खिडक्या लावत पुढे सरकत होता आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंच्या वर्गाचं काय करायचं ते ठरत होतं. सहावीच्या पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. एका वडिलांनी मुलीला विचारलं होतं, आज शाळेत काय केलंत? ती म्हणाली, नदी ओलांडायच्या तऱ्हा काढल्या. वडिलांना बरं वाटलं. त्यांनी विचारलं, मग कशी ओलांडायची? मुलगी म्हणाली, ते ठरलं नाही, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सहामाही आली तरी त्या घरात एकही नदी पार झाली नव्हती.

तक्रार खोटी नव्हती, हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यांच्या तासाला फळा भरून वाहायचा. लाजाळू मुलंसुद्धा हात वर करायची, मागच्या बाकावरची उभी राहून ओरडायची. बाई कोणाचंच उत्तर चूक म्हणत नसत. प्रत्येक उत्तर लिहायचं आणि त्याच्यापुढे त्या मुलाचं नाव लिहायचं, ही त्यांची रीत. पण "आता यातलं एक निवडू या" म्हटलं, की सगळा विचका होई. जो तो आपल्या उत्तराला गोचिडासारखा चिकटून बसे. "माझंच घ्या!" "त्याचं कशाला?" "बाई, तुम्ही नेहमी तिचीच बाजू घेता!" एकदोघं रडकुंडीला येत. बाईंना कोणालाच दुखवायचं नसे. मग घंटा होई आणि फळा तसाच भरलेला राही.

"सोमवारी मी तुमच्या तासाला बसणार आहे," मुख्याध्यापक म्हणाले होते. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वर्ग घंटेच्या आत एका उत्तराला पोचला, तर सहावी तुमचीच. नाही पोचला, तर सुट्टीनंतर सहावी दुसरं कोणीतरी घेईल आणि तुम्ही वाचनालय बघायचं. माझाही नाइलाज आहे."

वाचनालय म्हणजे वरच्या मजल्यावरची, जिन्याच्या टोकाची खोली. तिथे पुस्तकं होती, पंखा होता, टेबल-खुर्ची होती. मुलं तेवढी नव्हती.

"सर असं कधी म्हणाले नसते," बाई बोलून गेल्या.

"सर माझ्या आधी म्हणाले असते. काय कडक माणूस होता! एकेक उत्तर धरायचे आणि विचारायचे, हे का ठेवायचं? सांगता आलं नाही की पुसलंच. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"सर? आणि कडक? सरांनी कोणाला 'नाही' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही."

"तू कुठल्या शाळेत होतीस गं?"

"तुझ्याच. पुढच्या बाकावर."

दोघं एकाच वर्गातले. खुर्चीमुळे अहो-जाहो चालायचं, पण डोकं तापलं की दोघंही आपसूक एकेरीवर येत. मग तो चष्मा निघाला आणि दोघंही हट्टाला पेटले. शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा कुठे भांडण थांबलं.

घरी जाताना बाईंच्या डोळ्यांसमोर तोच वर्ग होता. तेव्हा त्या बाई नव्हत्या, दोन वेण्यांची एक पोर होती. शुक्रवारचा शेवटचा तास सरांचा. इतर दिवशी सर वरच्या वर्गांना गणित शिकवत, पण शुक्रवारी या वर्गावर हात हलवत येत. टेबलावर काहीतरी मोडकंतोडकं ठेवत, नाहीतर एखादी अडचण सांगत आणि म्हणत, "घाला पसारा!" बस्स. मग खिडकीबाहेरच्या झाडावरचे पक्षी उडून जातील इतका कल्ला. सरांचे डोळे त्या काळ्या फ्रेममागून मागच्या बाकापर्यंत फिरत, कोपऱ्यातला अर्धवट उचललेला हातसुद्धा त्यांना दिसे. "तू. हो, तूच. सांग." आणि खडूने उत्तर, पुढे नाव. फळ्यावर आपलं नाव लिहिलेलं बघायला त्या पोरीला काय गोड वाटे! घरी तिचं नाव फक्त कामाला हाक मारताना निघायचं.

त्या तासातून तिला मध्येच उठावं लागे. आई टेलिफोन ऑफिसात दुपारपाळीला होती, आणि धाकट्या भावाची बालवाडी शाळेच्या आधी सुटायची. उशीर झाला की तो फाटकाला धरून भोकाड पसरायचा. सर स्वतःच घड्याळाकडे बघून म्हणायचे, "पाहुणी, निघा आता." वर्ग हसायचा. ती दप्तर उचलून दाराशी जाई, तेव्हा समोरून बँडची मुलं सराव संपवून आत घुसत असायची. सगळ्यांत पुढे पोटावर ढोल बांधलेला एक जाडा मुलगा. दर शुक्रवारी दारात त्याचा ढोल तिच्या दप्तराला आपटायचा. "दिसत नाही का रे ढोल्या?" "तूच बाजूला हो, पाहुणे!" मग लांबलचक व्हरांडा, मागे वर्गातला आवाज हळूहळू कमी होत गेलेला, आणि पुढे रस्त्यापलीकडे फाटकाला धरून उभा असलेला भाऊ.

एका शुक्रवारी सरांनी भोक पडलेली बादली आणली होती. हिचं काय करता येईल? कोणी म्हणालं टोपी, कोणी म्हणालं कुंडी, कोणी म्हणालं कुत्र्याला घर. ती म्हणाली, "एकाच भोकाला काय भ्यायचं? आणखी पुष्कळ भोकं पाडू. नव्या झाडांना आंघोळ घालता येईल." सरांनी लिहिलं, पुढे तिचं नाव लिहिलं आणि तिची निघायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मागे, नव्या रोपांच्या वर, दोरीने ती बादली टांगलेली दिसली. तळाला भोकंच भोकं. कोणी काही बोललं नाही, तिनेही विचारलं नाही. पण तिला कळलं होतं. आपल्याला अर्ध्यातून उठावं लागतं म्हणून सरांनी आपलं मन राखलं. त्या बादलीखाली उभी राहून तिने ठरवलं, की आपण मोठेपणी सरच व्हायचं. सगळ्यांचं मन राखणारे.

रविवारी सकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. पत्ता जुन्या शिपायाकडून मिळाला. मनात सरळ हिशेब होता, की सरांच्या तोंडूनच ऐकायचं आणि सोमवारी त्या ढोल्या मुख्याध्यापकाच्या तोंडावर मारायचं.

दार सरांच्या मुलीने उघडलं. "या ताई. तुम्हीपण चष्म्याचं विचारायला आलात का? आत एकजण बसलेत."

आत खिडकीशी सर होते. सुरकुतलेले, पण पाठ तशीच ताठ. समोर वेताच्या मोड्यावर मुख्याध्यापक, हातात चहाचा कप, चेहरा खडू चोरताना पकडलेल्या मुलासारखा.

"तू इथे काय करतोयस?" बाई म्हणाल्या.

"तू जे करायला आलीस तेच."

सरांच्या गळ्यात दोन दोऱ्या होत्या. एकीला काळ्या जाड फ्रेमचा चष्मा, दुसरीला सोनेरी तारेचा. बाई बघतच राहिल्या. सरांनी काळा उचलून डोळ्यांवर चढवला आणि दाराकडे बघितलं.

"पाहुणी! आज पण निघायची घाई आहे का?"

मुलीने पुढे खुर्ची सरकवली.

"दोन्हींचा मिळून एक चष्मा करून आणला होता मी बाबांना," मुलगी म्हणाली. "वरच्या काचेतून लांबचं, खालच्या काचेतून जवळचं. पहिल्याच दिवशी जिन्यात आपटले."

"आपटणारच!" सर म्हणाले. "खाली बघावं तर पायरी धूसर, वर बघावं तर पाय कुठे पडतोय त्याचा पत्ता नाही. एका वेळी एकच काम करायचं माणसाने. पोरांचे हात बघायचे तेव्हा काळा. फळ्यावरची अक्षरं वाचायची तेव्हा तारेचा. या ढोल्याने काळा बघितला नाही कारण हा बँडमध्ये. हिने तारेचा बघितला नाही कारण ही बालवाडीत. दोघांनी मिळून माझा एक तास बघितलाय, तोही दारात ढकलाढकली करत. आणि दोघंही शिक्षक झालात! पोरांचं कठीण आहे."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. चहा बशीत सांडला.

"मी तुमच्यासारखंच करते, सर," बाई म्हणाल्या. "सगळी उत्तरं लिहिते, पुढे नावं लिहिते."

"आणि पुसतेस कधी?"

"काय पुसायचं?"

"नावं गं, नावं! पसारा झाला की चष्मा बदलायचा आणि पहिली नावं पुसायची. उत्तर तसंच ठेवायचं. नाव असेपर्यंत पोर उत्तर सोडत नाही, आईने तान्हं धरावं तसं धरून बसतं. नाव पुसलं की ते उत्तर फळ्याचं. मग त्याच्यावर काय ती घासाघीस करायची. हे चालेल का? का चालेल? पाण्यात टिकेल? दोरी कुठली? उरेल ते एक ठेवायचं."

बाईंच्या डोळ्यांपुढून त्यांचे सगळे तास गेले. सहावीतली रडकुंडीला आलेली तोंडं, "माझंच घ्या" म्हणणारे आवाज. एवढीशी गोष्ट. एका फडक्याचं काम.

"मी हेच म्हणत होतो तिला," मुख्याध्यापक म्हणाले. "घासाघीस हवी."

सर त्यांच्याकडे वळले. "आणि तू नावं लिहितोस का?"

"लिहायची?"

"नाहीतर पोरं तोंड कशाला उघडतील? रिकाम्या फळ्यावर काय घासणार तू, भिंत?"

मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. त्यांचे तास अगदी शांत असत. त्या शांततेचा त्यांना आजवर अभिमान होता.

निघता निघता बाईंनी ते काढलंच. इतकी वर्षं जपलेलं होतं. "सर, ती भोकांची बादली तुम्ही माझ्यासाठी टांगली होती ना? मी अर्ध्यातून उठून जायची म्हणून?"

सरांनी काळा चष्मा काढला, तारेचा लावला आणि जवळून त्यांचा चेहरा बघितला. "तुझ्यासाठी? अगं, ती तुझी कल्पना होती हे माझ्या तरी कुठे लक्षात असणार? नाव पुसलेलं होतं. वर्गाने निवडली ती. चांगली भांडून निवडली."

"थांबा, ती बादली हिची होती?" मुख्याध्यापक मोड्यावरून उठलेच. "मी ढोल उतरवून बसेपर्यंत फळ्यावर नावं उरलेलीच नसायची! मी तिच्याविरुद्ध घसा फोडून भांडलो होतो. म्हटलं, पाणी फुकट जाईल. अख्खा वर्ग एकीकडे आणि मी एकीकडे. हरलो. आणि सरांचा नियम होता..."

"जो जास्त विरोध करेल त्याने काम करायचं," सर म्हणाले. "म्हणजे त्याला सगळ्या अडचणी आधीच माहीत असतात."

"ती सगळी भोकं मी पाडली, खिळ्याने! बोटावर हातोडी बसली होती. नख काळं झालं होतं माझं, तुझ्यापायी!"

सरांची मुलगी हसायला लागली. बाई मात्र लगेच हसू शकल्या नाहीत. आधी काहीतरी हातातून निसटल्यासारखं झालं. सरांनी मन राखलं नव्हतं. त्यांच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. मग हळूहळू दुसरी गोष्ट उमगत गेली. ती व्हरांड्यातून भावाकडे पळत होती, तेव्हा मागे त्या वर्गात तिची कल्पना एकटी उभी होती. तिचं नाव नाही, सरांची दया नाही, समोर हा ढोल्या घसा फोडतोय. आणि तरी ती टिकली होती.

"नख दाखव," त्या म्हणाल्या.

"आता काय दाखवू! केव्हाच नवीन आलं."

सोमवारी मुख्याध्यापक घंटेच्या आधीच येऊन मागच्या बाकावर बसले. बाक लहान, गुडघे वर आलेले. मुलं मान वळवून वळवून बघत होती. बाईंनी फळ्यावर मधोमध लिहिलं: वाचनालयात कोणीच येत नाही. काय करावं?

मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. बाईंनी तिकडे बघितलं नाही.

"घाला पसारा," त्या म्हणाल्या.

वर्ग उसळला. लिफ्ट बसवा. तिथे मांजर ठेवा. तिथे भूत आहे अशी अफवा सोडा. पुस्तकं दोरीने खिडकीतून खाली सोडा. ज्याला शिक्षा झाली त्याला तिथे पाठवा. ("मग मी सगळं वाचनालय वाचून काढेन," एकजण म्हणाला आणि वर्ग खिदळला.) नदीवाली मुलगी हळूच म्हणाली, "हेडसरांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर ठेवा पुस्तकं. तिथे कोणी ना कोणी बसलेलंच असतं. आणि तिथे करायला काहीच नसतं." बाईंनी लिहिलं, पुढे नाव लिहिलं. मग मागच्या बाकावर एक हात वर झाला. आधी अर्धवट, मग पूर्ण. सगळ्या माना मागे वळल्या.

"दंड," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे, जो येणार नाही त्याला दंड. असं सुचलं."

बाईंनी गंभीरपणे लिहिलं: दंड. पुढे लिहिलं: हेडसर. वर्ग हसता हसता बाकांवरून खाली आला. मुख्याध्यापक फळ्यावरच्या आपल्या नावाकडे बघत होते. कान लाल झालेले, पण तोंडावर असं काहीतरी, जे बाईंनी त्या दारात कधी बघितलं नव्हतं. बघणार कुठून? तासाचा हा पहिला अर्धा भाग त्याला कधी मिळालाच नव्हता.

मग बाईंनी डस्टर उचललं. नेहमी इथूनच त्यांचं घसरायचं. समोर सगळे चेहरे, प्रत्येकाची नजर आपापल्या नावावर. त्यांनी सगळ्यांत आधी 'हेडसर' पुसलं. मग एकेक करत सगळी नावं.

"बाई! माझं नाव!" पहिल्या बाकावरचा एक किंचाळला.

"आता उत्तरं फळ्याची आहेत," बाई म्हणाल्या. "यातलं कुठलं चालणार नाही आणि का, ते सांगा."

पहिला दंडच गेला. "दंड भरायला पैसे असतील तर माणूस पुस्तकच विकत घेईल," एक मुलगी म्हणाली. लिफ्ट गेली. मांजर ज्याने सुचवलं होतं, त्यानेच ते खोडलं. म्हणाला, "बाई, ते मांजर पुस्तकांवर झोपेल, मग कोणी उठवणार नाही." किंचाळणारा मुलगा जरा वेळ फुगून बसला होता, पण दोरीवर भांडण सुरू झालं तेव्हा तोही बाकावर चढून भांडू लागला. बाईंना मधूनमधून वाटे, याची बाजू घ्यावी, तिला वाईट वाटेल. त्यांनी दोन्ही हात मागे बांधून ठेवले.

शेवटी बाकाचं उत्तर उरलं, आणि मुख्याध्यापक उठून उभे राहिले. "माझ्या दारात नको. कलकल होईल. पुस्तकं चोरीला जातील."

"तुमच्या दारातून कोण चोरणार, सर?"

"बाकावर पाऊस येतो."

"मग वर भिंतीला फळी ठोकू."

"भिंत ओली आहे!"

"मग दाराच्या दुसऱ्या बाजूला ठोकू."

ते घसा फोडून भांडले. अख्खा वर्ग एकीकडे आणि ते एकीकडे. हरले. बाईंनी फळ्यावरचं बाकी सगळं पुसलं, आणि एकच ओळ उरली, तेव्हा घंटा अजून वाजायची होती. भरलेल्या फळ्याची त्यांना सवय होती. असा स्वच्छ फळा, मधोमध एक ओळ, हे त्यांनी आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं. तासाच्या या टोकाला त्या पहिल्यांदाच पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसबाहेर ठोकाठोक चालली होती. मुख्याध्यापक बाह्या वर करून स्टुलावर चढले होते. खाली बाई फळी धरून उभ्या. सभोवार मुलांचा घोळका, त्यात नदीवाली मुलगी.

"सहावीचं काय झालं, ते सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"आधी फळी नीट धरा."

"धरलीय. सांगा."

"बोटं सांभाळ," ते म्हणाले आणि हातोडी उचलली. "सहावी सोडून तुला कुठे जायचंय? वाचनालय आता इथे आलंय. ते मी बघेन. मला दारातच बसायची सवय आहे."

नदीवाली मुलगी पुढे सरकली. "बाई, बाबांनी काल विचारलं, ठरलं का? मी म्हटलं, ठरलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, कोणाचं निवडलं?"

"तुझंच," असं बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "मग तू काय सांगितलंस?"

मुलगी फळीकडे बघत होती. फळी एका बाजूला थोडी कलली होती.

"फळ्याचं," ती म्हणाली. "सर, डावीकडून जरा वर घ्या."